गिऱ्हाईक मागतच नाही!

बारामतीहून इंदापूरकडे निघालात आणि मुख्य रस्ता सोडून थोडे आत शिरलात की वालचंदनगर लागते. इस्रोच्या रॉकेटचे काही भाग इथल्या कारखान्यात बनतात, हे पाहुण्याला सांगताना इंदापूर तालुक्यातल्या माणसाची छाती दोन इंच फुगते. मात्र ज्यांच्या नावाने हे गाव वसले, त्यांनी आपल्याला मोटारही दिली, हे सांगायचे राहूनच जाते.

सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी आधी रेल्वेची कंत्राटे केली. १९१९ साली सिंदिया कंपनी काढून जहाजे पाण्यात लोटली. १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना उभा केला. मधल्या काळात आमच्या माळरानावर ऊस लावून साखर काढली. एवढे करून माणूस दमला असता. यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याला आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या, मग इटलीच्या फियाटशी सूत जमले. वालचंद १९५३ साली गेले. पुढे १९६४ साली 'डिलाइट' आली आणि सत्तरच्या दशकात तिचेच नामकरण 'पद्मिनी' झाले. आमच्या पिढीची पहिली मोटार तीच. म्हणजे पाहिलेली. घेतलेली नव्हे.

या पद्मिनीला पुढे एकसंध बाकासारखी सीट असे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. त्यामुळे पुढे तिघे बसत, चौथा मांडीवर. मांडीवरच्या चिरंजीवांचे कपाळ आणि समोरचा पत्रा यांच्यामध्ये फक्त वडिलांचा हात आणि कुलदैवताची कृपा. पट्टा? पट्टा पँटीला असतो, गाडीला कशाला?

आता कोणी म्हणेल, तेव्हा कुठे होते हो हे शोध! होते, साहेब. व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा १९५९ साली गाडीत बसवला होता, म्हणजे आमच्या 'डिलाइट'च्या पाच वर्षे आधी. शिवाय कंपनीने त्याचे पेटंट सगळ्यांना खुले करून टाकले. फुकट! जगात फुकट मिळालेली आणि तरीही कोणी न उचललेली अशी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही.

न उचलण्याचे कारण अमेरिकेत आधीच तयार होते. फोर्डने १९५६ साली पट्टे आणि मऊ डॅशबोर्ड यांची जाहिरात केली. त्या वर्षी शेवरोलेट जास्त खपली. झाले! सुरक्षितता खपत नाही, गिऱ्हाईक मागत नाही, हा सिद्धांत मोटारवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवला. तो पुसायला १९६५ साली राल्फ नेडर नावाचा तरुण वकील पुस्तक घेऊन आला. जनरल मोटर्सने त्याच्यामागे गुप्तहेर लावले, ते उघडकीस आले, आणि कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. १९६६ साली कायदाच झाला. मागणी तसा पुरवठा, हे आम्ही कॉमर्सला घोकले. पण परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता, की जी वस्तू गिऱ्हाइकाने पाहिलीच नाही, तिची मागणी त्याने करावी कशी?

आपल्याकडे तर मागण्याची सोयच नव्हती. नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. रेशनच्या रांगेत उभा राहून कोणी बासमती मागतो का? गाडीची किंमत काय असावी, यावर सरकार आणि कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. आतल्या माणसाचे डोके शाबूत कसे राहावे, यावर मात्र दोन्ही पक्षांत पूर्ण सलोखा होता. पुढच्या सीटला पट्टे बसवण्याची सक्ती व्हायला १९९४ उजाडले.

वाहनकर्जाच्या टेबलावर बसलो की इतिहास समोरून चालत येतो. गेल्या दशकात एक बागायतदार कोटेशन घेऊन आले. डाळिंबाचे पैसे चांगले झाले होते. सीटकव्हर, म्युझिक सिस्टिम, चकचकीत चाकटोप्या, सगळे होते. एअरबॅगवाले मॉडेल नव्हते.

"अहो, थोडे वाढवून ते वरचे घ्या की," मी म्हटले.

"भाऊसाहेब, फुग्याला कोण एवढे पैसे देतंय? आणि फुटला की संपला!"

मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार? आमच्या बँकेने गाडीचा विमा पाहिला, तारणाची नोंद पाहिली, जामीनदाराची सही पाहिली. गाडीचे काही झाले तर बँकेचे काय, याचे उत्तर चार फॉर्मवर होते. गाडीतल्या माणसाचे काही झाले तर काय, याला फॉर्मच नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आपटल्या. प्रौढ प्रवाशाच्या रक्षणासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे! गाड्या इथल्या कायद्यात बसत होत्या, हे उत्तर खरेच होते. कायदाच तेवढा होता. त्या पाचांत आमच्याच जिल्ह्यातल्या चाकणची पोलो होती. तीच पोलो दोन एअरबॅगांसह आपटली तर चार तारे. कंपनीने बिनफुग्याची पोलो विकणे बंद केले. आणि डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरलेली नेक्सॉन, तीही याच जिल्ह्यातल्या रांजणगावची! मग तारे जाहिरातीत आले आणि माझ्या टेबलावरची माणसे आपण होऊन विचारू लागली, "हिला स्टार किती?" गिऱ्हाईक मागत नव्हते म्हणे! पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या व्हायला मात्र २०२१ चा डिसेंबर संपावा लागला.

आता गिऱ्हाइकाचीही बाजू ऐका. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मर्सिडीज होती, कारखानदाराने द्यायचे ते दिले होते; मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. देशभर चर्चा झाली. आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन दुकानांना आदेश काढावा लागला, की एक वस्तू विकू नका. कोणती? पट्टा न लावता गाडीची टिंगटिंग बंद करणारी क्लिप! पुरवठा एवढा, म्हणजे मागणी किती असेल, हे कॉमर्स न शिकलेलाही सांगेल.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ क्लिपवर पैसे घालवत नाहीत. ते पट्टा पाठीमागून घेऊन खटकन अडकवतात आणि त्यावर रेलून बसतात. सरडेवाडीचा टोलनाका दिसला की तोच पट्टा हाताने पुढे ओढून छातीशी धरतात. नाका गेला की सोडतात.