फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात?

आजची गोष्ट सॅलरी स्लिपमधल्या एका छोट्या ओळीची आहे. 'पी.टी.', म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात दर महिन्याला २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. असं का?

आधी हातात किती येतात ते काढू. समजा, ऑफर लेटरवर सीटीसी १० लाख, आणि बेसिक त्याच्या निम्मं, म्हणजे ५ लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ६० हजार आणि ग्रॅच्युइटी साधारण २४ हजार, हे दोन्ही त्या १० लाखांतच धरलेलं असतं. उरले ९ लाख १६ हजार. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ, आणखी ६० हजार. इन्कम टॅक्स? २०२५-२६ च्या नव्या रेजीममध्ये ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की आपण १२ लाखांच्या आत, म्हणजे शून्य. शेवटी पी.टी., वर्षाचे २,५००. बारानं भागा: महिन्याला साधारण ७१ हजार. घरभाडं नाहीतर ईएमआय ठरवताना हा आकडा धरा, ८३ हजार नाही!

आता ते २,५०० बघू. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेली. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला होता. दुष्काळात ती राज्यभर गेली, पण पैसा कुठून आणायचा? म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुरीला हातभार लावायचा, असा हिशोब. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशानं तो धडा घेतला.

राज्यघटनेच्या कलम २७६ नं या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ मध्ये ती २,५०० झाली, आणि आजही तीच आहे. अकरा महिने २०० म्हणजे २,२००, वर फेब्रुवारीचे ३००. झाले २,५००.

मला खटकतं ते इथे. मी भिवंडीचा. आमच्याकडे गोदामात पॅकिंग करणाऱ्या पोराला १५ हजार मिळतात, तरी त्याचे २०० आणि माझेही २००. महिन्याला १० हजारांच्या वर गेलं की सगळे पुरुष एकाच रांगेत. बायकांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे, एवढाच दिलासा. त्याच्या पगाराचा जवळजवळ १.४ टक्का जातो, वर धरलेल्या पगाराचा ०.३ सुद्धा नाही. दुष्काळात गरिबाला हात देण्यासाठी आलेला कर आज गरिबालाच जास्त टोचतो. वरची मर्यादा वाढवायची तर घटना बदलावी लागेल. पण १० हजारांची ती रेघ वर सरकवणं राज्याच्या हातात आहे. बायकांसाठी ती सरकवलीच की!

तुमची स्लिप उघडा, आणि ती ओळ शोधा. भेटू पुढच्या भागात.