बहुमार्गी बिनतारी संदेशवहनातील पॅकेट-क्रमनियोजन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकीय संदेशवहनाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु एकाच वेळी अनेक मार्गांनी माहिती पाठविण्याच्या कल्पनेचा उगम वेगात नसून विनाशाच्या भीतीत आहे. अमेरिकेतील रँड या संस्थेत कार्यरत असलेल्या पॉल बॅरन यांनी 1964 मध्ये विकेंद्रित संदेशवहनाविषयीची आपली प्रबंधमाला प्रसिद्ध केली. अणुहल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्या मार्गांनी संदेश पोहोचावा, यासाठी संदेशाचे 1024 बिटांचे तुकडे करून ते उपलब्ध मार्गाने पुढे ढकलावेत, अशी त्यांची योजना होती. ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे हाच विचार मांडून अशा तुकड्यास ‘पॅकेट’ हे नाव दिले.

एकमार्गी व्यवस्थेचा काळ

प्रत्यक्षात जी व्यवस्था रूढ झाली ती मात्र निराळी होती. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांच्या 1974 च्या निबंधातून विकसित झालेल्या आणि 1981 मध्ये प्रमाणित रूप लाभलेल्या टीसीपीने प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांच्या ठरावीक पत्त्यांशी बांधून टाकली. तारेने जोडलेल्या, जागचे न हलणाऱ्या संगणकांना ते पुरेसे होते. एन. एफ. मॅक्सेमचक यांनी 1975 मध्येच संदेश अनेक मार्गांवर विखरून पाठविण्याची पद्धत मांडली होती, पण तिची निकड तेव्हा फारशी कोणाला भासली नाही. ती भासली ती एकाच उपकरणात वायफाय आणि मोबाईल असे दोन बिनतारी मार्ग आले तेव्हा. घराबाहेर पडताच वायफाय सुटे, पत्ता बदले आणि चालू जोडणी तुटे.

या अडचणीवर 2013 च्या जानेवारीत प्रायोगिक मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या मल्टिपाथ टीसीपीने उत्तर दिले. त्याच वर्षी अ‍ॅपलने आयओएस 7 मध्ये ‘सिरी’साठी त्याचा वापर केला. तेथे हेतू वेगाचा नव्हता. एक मार्ग खचला तर दुसरा हाती असावा, एवढाच होता. बॅरन यांचाच हेतू खिशातल्या फोनमध्ये परतला, असे म्हणावयास हरकत नाही. याउलट दक्षिण कोरियातील केटी या कंपनीने 2015 मध्ये दोन्ही मार्गांचा वेग एकत्र करून ग्राहकांना देऊ केला.

क्रमाचा प्रश्न

दोन मार्ग मिळाले की वेग दुप्पट व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. ती बहुधा फोल ठरते. समजा, वायफायने पॅकेट 10 मिलिसेकंदांत पोहोचते आणि मोबाईल जाळ्याने 100 मिलिसेकंदांत. दहा पॅकेटे आळीपाळीने पाठविली, तर तिसरे, पाचवे, सातवे व नववे पॅकेट केव्हाच येऊन दाराशी उभे असते. पण टीसीपी माहिती क्रमानेच पुढे देत असल्याने दुसरे येईपर्यंत त्यांना तिष्ठावे लागते. दहाही पॅकेटे एकट्या वायफायने धाडली असती तर काम कितीतरी आधी संपले असते. शिवाय थांबलेली पॅकेटे ग्राहकाकडील मर्यादित स्मृती अडवून ठेवतात आणि ती भरली की वेगवान मार्गही ठप्प होतो.

म्हणूनच कोणते पॅकेट कोणत्या मार्गाने जावे हे ठरविणारा शेड्युलर या इतिहासाच्या केंद्रस्थानी आला. समान वाटपाची आळीपाळीची रीत मागे पडून सर्वांत कमी विलंबाचा मार्ग आधी भरण्याची रीत प्रचलित झाली. तिचाही दोष उघड होता : वेगवान मार्ग क्षणभर भरलेला दिसताच ती उरलेली पॅकेटे मंद मार्गाकडे वळवीत असे. 2012 मध्ये कॉस्टिन रायच्यू व सहकाऱ्यांनी अडकलेले पॅकेट वेगवान मार्गाने पुन्हा पाठवून मंद मार्गाचा वाटा कमी करण्याचा उपाय सुचविला. पण तो अडथळा निर्माण झाल्यानंतरचा उपाय होता. 2016 मधील ‘ब्लेस्ट’ आणि 2017 मधील ‘ईसीएफ’ या शेड्युलरांनी अडथळ्याचा अंदाज आधीच घेतला. मंद मार्ग मोकळा असूनही तो वापरू नये, वेगवान मार्ग रिकामा होण्याची वाट पाहावी, असा निर्णय ते घेऊ शकतात. उपलब्ध साधन रिकामे ठेवणे म्हणजे अपव्यय, ही अभियंत्यांची जुनी धारणा येथे मोडली.

2020 मध्ये मल्टिपाथ टीसीपीचे सुधारित मानक आले आणि लिनक्सच्या मुख्य प्रवाहातही त्यास स्थान मिळाले. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या 5जी मानकांच्या सोळाव्या आवृत्तीत मोबाईल व वायफाय यांच्यात माहिती वाटण्याच्या चार रीती नमूद आहेत. त्यांपैकी एकीत दुसरा मार्ग पहिला बंद पडेपर्यंत वापरलाच जात नाही.