हळवे भात, हळवे मन

‘हळवा’ हे विशेषण शहरी मराठीत आता मनापुरतेच उरले आहे. ‘तो फार हळवा आहे हो’ असे म्हणताना स्वरात माया असते, पण थोडी कीवही असते. ही कीव शब्दात कोठून आली, ते शोधू लागलो तेव्हा कोशांपेक्षा कोकणच्या भातशेतीने मला अधिक शिकवले.

व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत ‘लघुक’चे प्राकृतात ‘लहुअ’ झाले आणि अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलुअ’. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात हे रूप नोंदलेले आहे. हळू, हलका, हळवा ही त्याच घरची भावंडे. तसेच ‘गुरुक’चे ‘गरुअ’ आणि पुढे ‘गरवा’. छंदशास्त्रातली लघु-गुरू जोडी कोकणच्या खाचरात अशी घरच्या कपड्यांत वावरते.

सुमारे 100 ते 115 दिवसांत तयार होते ते हळवे भात, 135 दिवसांच्या पुढे जाते ते गरवे, मधले निमगरवे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही हेच शब्द आहेत. ‘कर्जत-184’ हे वाण हळव्यांत मोडते. उतारावरच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात गरवे लावले, तर पाऊस सरल्यावर दाणा भरण्याआधीच ते वाळू लागते. हळवे तोवर पिकलेले असते. उतारा गरव्यापेक्षा कमी, पण कणगीचा तळ दिसू लागतो तेव्हा घरात पहिला येतो तो हळव्याचाच दाणा. नव्याच्या पूजेची लोंबीही बहुधा त्याचीच.

त्याला धोका आहे तो परतीच्या पावसाचा. आश्विनात सरी कोसळल्या की पिकलेले हळवे आडवे होते आणि दाण्याला शेतातच कोंब फुटतात. शेजारचे गरवे तेव्हा हिरवेच असते; त्याला तोच पाऊस मानवतो. म्हणजे पाऊस एकच, फरक पिकण्याच्या वेळेचा. म्हणून शेतकरी हळव्याला नावे ठेवत नाही, आभाळाकडे बघून कापणीची घाई करतो. लवकर द्रवणाऱ्या मनाला हळवे म्हणतानाही त्या ‘लवकर’चीच छाया असावी, असा माझा तर्क आहे. कीव मागाहून आली, बहुधा शेत सुटल्यावर.

आता हळव्याची बरीच जागा ‘संवेदनशील’ने घेतली आहे. हा शब्द मतदान केंद्रालाही चालतो आणि डोंगरालाही. 2011 साली गाडगीळ समितीचा अहवाल आला आणि सह्याद्रीलगतच्या गावांत ‘संवेदनशील क्षेत्र’ हे शब्द पोचले, ते निर्बंधांची धास्ती घेऊनच. त्याच गावांत हळवे भात पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. ‘मनाचा हळवा कोपरा’ हा प्रयोग तर मला इंग्रजीवरून बेतलेला वाटतो. खाचराला बांध असतो, कोपऱ्याचे एवढे कौतुक नसते.

‘गरवा’ मात्र उलट्या वाटेने गेला. जुन्या मराठीत ‘गरुवा’ म्हणजे थोर, भारदस्त. आज माणसाला गरवा कोणी म्हणत नाही. तो शब्द भाताच्या आधाराने टिकून आहे. आणि उतारावरची खाचरे ओस पडू लागल्यापासून हळव्याचा तो आधारही सुटत चालला आहे.