पटकीचा जीवाणू : दूषित पाण्यापासून आतड्यापर्यंत

पटकी अर्थात कॉलरा हा ‘व्हिब्रिओ कॉलरी’ या जीवाणूमुळे होणारा आतड्यांचा तीव्र संसर्गजन्य आजार आहे. उपचार न मिळाल्यास धडधाकट व्यक्तीही काही तासांत दगावू शकते. वेळेवर योग्य उपचार झाल्यास मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १३ ते ४० लाख लोकांना पटकी होते आणि २१ हजार ते १ लाख ४३ हजार जण तिला बळी पडतात.

प्रसार कसा होतो?

स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जीवाणू नदीमुखांजवळच्या निमखाऱ्या पाण्यात सूक्ष्म कवचधारी जलचरांना चिकटून राहतो. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या चार पदरांतून पाणी गाळल्यावर रुग्णसंख्या जवळपास निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, ते याच कारणाने.

वस्तीत मात्र रुग्णाची विष्ठा पाण्यात किंवा अन्नात मिसळल्याने साथ पसरते. फुटलेली जलवाहिनी, तिच्या शेजारचे गटार आणि पुराचे पाणी ही त्याची नेहमीची निमित्ते. बाधितांपैकी बहुतेकांना लक्षणे दिसत नाहीत अथवा सौम्य असतात. तरीही त्यांच्या विष्ठेतून एक ते दहा दिवस जीवाणू बाहेर पडत राहतात. जीवाणूचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात असले, तरी मोठ्या साथी ‘ओ१’ आणि ‘ओ१३९’ या दोनच प्रकारांनी घडविल्या आहेत. यांतील दुसरा प्रकार १९९२ मध्ये भारतात प्रथम आढळला.

शरीरात काय घडते?

गिळलेले बहुसंख्य जीवाणू जठरातील आम्लामुळे मरतात. वाचलेले लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात, तेथे वाढतात आणि विष सोडतात. बाधा झाल्यापासून १२ तास ते पाच दिवसांत लक्षणे दिसतात.

जीवाणू आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरत नाही. सारे काम त्याचे विष करते. या विषाचा एक भाग पेशीला चिकटतो व दुसरा आत शिरतो. त्यामुळे पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आतड्यात ओढले जाते. भाताच्या पेजेवरच्या पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. डोळे खोल जातात, नाडी क्षीण होते, लघवी थांबते आणि रक्तदाब कोसळतो.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात हा जीवाणू वेगळा केला. मात्र, आजाराचे मूळ त्याने स्रवलेल्या विषात आहे, हे सिद्ध होण्यास आणखी ७५ वर्षे लागली. कोलकात्याचेच शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये ते प्रयोगाने दाखवून दिले.

उपचार आणि प्रतिबंध

विषबाधेतही साखरेसोबत मीठ शोषण्याची आतड्याची क्षमता शाबूत राहते. जलसंजीवनी अर्थात ओआरएसचा उपचार याच तत्त्वावर उभा आहे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाइन अपुरे पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. त्यामुळे तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केला.

तोंडावाटे देण्याची लस उपलब्ध असली, तरी शुद्ध पाणी, शौचालये आणि हातांची स्वच्छता यांना पर्याय नाही. साथीच्या काळात पाणी उकळून अथवा क्लोरीन मिसळून प्यावे. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाच्या चमच्याने सपाट मापाने) विरघळवावे. तान्ह्या बाळाचे स्तनपान थांबवू नये. रुग्णाला ग्लानी आल्यास किंवा लघवी बंद झाल्यास द्रावण पाजत त्वरित रुग्णालय गाठावे.