कापसाच्या शेतातील स्तोत्रगायक

रविवारी ख्रिस्तमंदिरात गाइलेले गीत सोमवारी शेतावर वा कारखान्यात आपल्याबरोबर येते काय? हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो. त्याचे एक उत्तर जॉन हँडकॉक्स या अमेरिकन कृष्णवर्णीयाच्या चरित्रात आहे.

हँडकॉक्सचा जन्म १९०४ साली आर्कान्सा राज्यातील ब्रिंक्लीजवळ झाला. त्या प्रदेशात गोरगरीब मालकाच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवीत. बियाणे आणि पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर येई. हिशेब मालकाच्या वहीत असल्याने हंगाम संपला तरी कर्ज फिटत नसे. १९३३ साली सरकारने कपाशीची लागवड घटविण्यासाठी भरपाई दिली. ती बहुतांशी मालकांनीच ठेवली आणि असंख्य कुटुंबे जमिनीवरून हुसकावली गेली.

तेव्हा, जुलै १९३४ मध्ये, टायरोन्झा गावी अकरा गोऱ्या व सात कृष्णवर्णीय पुरुषांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. हे धाडस किती मोठे होते! पंधराच वर्षांपूर्वी, १९१९ साली, याच राज्यात हूप स्परच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय कुळांची सभा भरली असता गोळीबार झाला होता. पुढील काही दिवसांत कित्येक कृष्णवर्णीयांच्या हत्या झाल्या होत्या.

हँडकॉक्स १९३५ साली या संघटनेत आला. पत्रके वाचू न शकणाऱ्यांपर्यंत विचार कसा पोहोचवावा? त्याने बालपणापासून कानी पडलेल्या भक्तिगीतांच्या चाली घेतल्या. एका जुन्या भजनात प्रभूचा रथ पुढे जातो आणि सैतान आडवा आला तरी थांबत नाही. हँडकॉक्सने त्या रथाच्या जागी संघटना व सैतानाच्या जागी मालक आणला. चाल सर्वांना पाठ होती. त्यामुळे गीत एका सभेतून दुसऱ्या सभेत आपोआप गेले. पुढे इतरांनी त्याला कडवी जोडली.

१९३६ च्या संपकाळात जिवावर बेतल्याने त्याला आर्कान्सा सोडावे लागले. तरीही त्याने मिसुरीत संघटनेचे काम चालू ठेवले. १९३७ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्याची गीते ध्वनिमुद्रित झाली. संघटना मात्र काही वर्षांतच क्षीण झाली. तो कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे स्थायिक झाला आणि जगाच्या विस्मरणात गेला. कामगार ती गाणी गातच राहिले. बहुतेकांना कवीचे नाव ठाऊक नव्हते. १९८० च्या दशकात त्याचा पुन्हा शोध लागला आणि तो वृद्ध गायक कामगारांच्या मेळाव्यांत गाऊ लागला. १९९२ साली त्याचे निधन झाले.

हँडकॉक्स कॅथॉलिक नव्हता. परंतु मजुराची मजुरी बुडविणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणारे पाप आहे, ही संत याकोबाची शिकवण पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’मध्ये जगापुढे ठेवली होती. तोच आक्रोश या गीतांतून ऐकू येतो. आमच्या गायनवृंदांनी सूर अवश्य जपावेत. मात्र घरकाम करणाऱ्या बाईचा व बांधावरच्या मजुराचा मोबदला थकलेला असताना आपले स्तोत्र प्रभूच्या कानी कसे पोहोचेल, याचाही विचार आपण सर्वांनी करावा.