बर्फाळ रस्त्यांसाठी टायरची कापडी आवरणे : निवड, वापर आणि मर्यादा

महाबळेश्वर येथील वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात डिसेंबर-जानेवारीतील काही पहाटे दवबिंदू गोठतात. स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि उभ्या वाहनांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि ऊन चढताच तो नाहीसा होतो. सातारा जिल्ह्याचा बर्फाशी असलेला परिचय एवढाच; सांगली जिल्ह्याला तर तोही नाही. लष्करी सेवेची मोठी परंपरा असलेल्या या भागातील अनेक घरांत लडाख, सियाचीनच्या बर्फाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. तथापि, स्वतःचे वाहन बर्फावरून चालविण्याचा प्रसंग येथील चालकांवर सहसा येत नसे.

अलीकडे स्वतःच्या वाहनाने हिमाचल प्रदेशाचा प्रवास करण्याची प्रथा रूढ झाली आहे. साताऱ्याहून मनाली रस्त्याने दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलपर्यंत वाहने जाऊ लागली. त्याबरोबर धोकाही वाढला. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो वाहने बर्फात अडकून पडली आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली. अशा प्रवासासाठी टायरवर चढविण्याची कापडी आवरणे उपलब्ध आहेत. ती काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे निघण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

घसरण का होते?

मैदानी प्रदेशात विकले जाणारे टायर उष्ण हवामानासाठी बनविलेले असतात. तापमान सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यांचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्यावरील पकड कमी होते. त्यातच शून्य अंशाच्या आसपास दबलेल्या बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. टायरच्या खाचा बर्फाने भरून गेल्यावर चाक जागच्या जागी फिरते, वाहन मात्र पुढे सरकत नाही.

चिखलातील अशाच अडचणीवर या भागातील शेतकऱ्यांनी पूर्वीच उपाय स्वीकारला आहे. पाटण, जावळी, शिराळा या भातपट्ट्यांत चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला केज व्हील म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके जोडली जातात. चाक रुतत असेल तर चाकाचा पृष्ठभाग बदलायचा, हे त्यामागील तत्त्व. बर्फासाठी लोखंडी साखळ्या आणि कापडी आवरणे यांचेही तत्त्व तेच आहे.

आवरणाची रचना

हे आवरण मजबूत कृत्रिम धाग्यांच्या विणीचे असून त्याच्या कडेला लवचीक पट्टा असतो. टायरला मोजा घालावा तसे ते चाकावर चढते. त्याच्या खरखरीत पृष्ठभागामुळे आणि पाणी शोषून घेण्याच्या गुणामुळे बर्फावरील पकड वाढते. नॉर्वेतील ऑटोसॉक या कंपनीने १९९० च्या दशकात हे साधन विकसित केले. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ भागातील ठरवून दिलेल्या क्षेत्रांत दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर किंवा साखळ्या अथवा कापडी आवरणे बाळगणे बंधनकारक करण्यात आले.

साखळी की कापड?

लोखंडी साखळी कठीण बर्फात रुतते, त्यामुळे घट्ट गोठलेल्या रस्त्यावर आणि तीव्र चढ-उतारावर ती अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र ती जड असते, चढविण्यास सराव लागतो आणि चाक व मडगार्ड यांच्यात पुरेशी जागा नसल्यास वाहनाचे नुकसान होऊ शकते. कापडी आवरण हलके असते, थोड्या जागेत मावते आणि काही मिनिटांत चढविता येते. ताज्या किंवा दबलेल्या बर्फावर ते चांगले काम देते. परंतु काचेसारख्या गोठलेल्या थरावर त्याचा उपयोग मर्यादित असतो. बर्फ इतका खोल असेल की वाहनाचा तळ टेकेल, तर कोणतेही आवरण कामास येत नाही.

खरेदी करताना

टायरच्या कडेवर छापलेला आकार प्रथम टिपून घ्यावा. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच. उत्पादकाच्या तक्त्यात नेमका हाच आकार आहे की नाही, हे पाहावे. अंदाजाने घेतलेले सैल आवरण चालू चाकावरून निसटते.

बर्फ नसलेल्या जिल्ह्यांतील दुकानदार अशी वस्तू ठेवण्याची शक्यता कमी असल्याने खरेदी बहुधा ऑनलाइन करावी लागते. तेथे एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडे ‘टायर कव्हर’ म्हणजे जीपच्या मागे लावलेल्या स्टेपनीचे आच्छादन. नावावर विसंबून मागणी नोंदविल्यास तेच घरी येते. युरोपीय मानक ‘ईएन १६६६२-१’ चा उल्लेख, टायरच्या आकारांचा तक्ता आणि संचातील आवरणांची संख्या या तीन गोष्टी तपासूनच मागणी नोंदवावी. प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधून काम भागते, असे समजू नये.

आवरणे इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या चाकांवर चढवायची असतात. स्विफ्ट, वॅगन आर, एर्टिगा यांसारख्या गाड्यांत ती पुढची चाके होत. बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टामध्ये मागची. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या वाहनांबाबत वाहनाच्या पुस्तिकेतील सूचना पाळावी. शक्य असल्यास कोणत्याही वाहनाच्या चारही चाकांना आवरणे असणे अधिक सुरक्षित. आवरणांचा खर्च करण्यापूर्वी मूळ टायर तपासावेत. मोटारींसाठी खाचांच्या खोलीची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. बर्फात जाणाऱ्या टायरची खोली त्याहून बरीच अधिक हवी.

चढविण्याची रीत

पहिला सराव घरच्या अंगणात, कोरड्या हातांनी आणि दिवसाउजेडी करावा. हा सराव केवळ चढविण्या-उतरविण्याचा. आवरण घालून डांबरी रस्त्यावर गाडी चालवून पाहू नये.

प्रत्यक्ष प्रवासात चाक रुतण्याची वाट न पाहता बर्फ सुरू होताच, वळणापासून दूर असलेल्या सपाट जागी थांबावे. हँडब्रेक लावून आवरण टायरच्या वरच्या बाजूने चढवावे आणि आतील व बाहेरील कडा जमेल तितक्या खाली ओढाव्यात. नंतर गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन उरलेला भाग बसवावा. आवरण किंचित वाकडे बसले तरी काही मीटर गेल्यावर ते आपोआप मध्यावर येते. सोबत हातमोजे, विजेरी आणि गुडघ्याखाली घेण्यास एखादे पोते असावे.

वाहन चालविताना

बहुतेक उत्पादकांनी घातलेली वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर किंवा त्याहून कमी असते; घाटात वेग त्याहून बराच कमी ठेवावा. क्लच हळुवार सोडावा, शक्य तेथे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलावी आणि चाक जागीच फिरू लागल्यास ॲक्सिलरेटर दाबत राहू नये. त्यामुळे आवरण फाटते. खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटात ज्यांचा हात बसला आहे, त्यांना उतारावर खालचा गिअर वापरण्याची सवय असते. ती येथे उपयोगी पडते. मात्र वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबण्याची सवय घातक ठरते. केवळ पुढच्या चाकांना आवरणे असतील तर उतारावर ब्रेक लावताच गाडीचा मागचा भाग घसरू शकतो. मागच्या चाकांनाच आवरणे असतील तर गाडी पुढे सरकते, पण स्टिअरिंगला प्रतिसाद मिळेलच असे नाही.

कोरड्या रस्त्यावर कापड झपाट्याने झिजते. अटल बोगद्यातील नऊ किलोमीटरचा रस्ता बर्फाविना असतो, म्हणून बोगद्याच्या तोंडापूर्वीच सुरक्षित जागी आवरणे काढावीत आणि पलीकडे आवश्यकता भासल्यास पुन्हा चढवावीत. वापरानंतर ती स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावीत. भोक पडलेले किंवा शिवण उसवलेले आवरण पुन्हा वापरू नये.

मर्यादेचे भान

परत आल्यावर हीच आवरणे पावसाळ्यात ठोसेघर, कास किंवा चांदोलीच्या चिखलात वापरण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळावा. विणीत चिखल भरल्यावर आवरणाचा गुण नाहीसा होतो आणि दगडांवर ते फाटते.

बर्फवृष्टी सुरू झाल्यावर मनालीच्या पुढे अनेकदा चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या वाहनांनाच सोडले जाते. जवळ आवरणे आहेत म्हणून पोलिसांशी वाद घालू नये. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या सहलीसाठी स्वतःची गाडी खाली ठेवून स्थानिक चालकाची जीप भाड्याने घेणे बहुतेक कुटुंबांना सोयीचे आणि सुरक्षित ठरते. कापडी आवरणाचा खरा उपयोग अनपेक्षित बर्फातून सुखरूप परत फिरण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर आणखी वर जाण्याचा बेत आखल्यास, सुटकेसाठी घेतलेले साधनच अडकण्याचे कारण ठरू शकते.