माळावरची मोजकी आग

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघालं, की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी इथला माळ पिवळाधमक होतो. अशा माळाला काडी लावणारा माणूस आपल्याला गुन्हेगार वाटतो. पण वनखात्याचे मजूरही, हाती हिरव्या डहाळ्या घेऊन, गवताचे पट्टे पेटवतात. मग गुन्हा कोणता आणि काम कोणतं?

या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. वाळकं गवत जाळलं, की पावसाळ्यात कोवळा चारा जोमाने फुटतो, असा गुराख्यांचा जुना समज. तो अगदीच खोटा नव्हता. कुसळीचं टोकदार बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं. आग वरून निघून जाते, बी वाचतं. पण इंग्रज सरकारला लाकूड हवं होतं. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरलं. १९२७ च्या कायद्यानेही ती बंदी कायम ठेवली. गंमत अशी, की ब्रह्मदेशात आग रोखून धरल्यावर सागाची नवी रोपंच नीट उगवेनात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खात्यातलेच अधिकारी या अतिरेकाविरुद्ध लिहू लागले.

आता पुन्हा नान्नजला येऊ. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात इथे माळाचे तुकडे राखले गेले. चराई थांबली, गवत वाढलं. तिथल्या माळढोकांकडे पक्षीप्रेमींचं लक्ष गेलं आणि १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. पण राखलेलं गवत म्हणजे वाळलेलं सरपणच. एका विडीच्या थोटकाने सगळा माळ जाऊ शकतो. त्यावर उपाय जाळरेषेचा. कडेचं गवत कापून मधला पट्टा, वारा पडलेला असताना, माणसं उभी करून जाळायचा. पुढे वणवा आलाच, तर त्या काळ्या पट्ट्याशी त्याला जाळायला काही उरत नाही.

मग सगळाच माळ का जाळू नये? काझीरंगात उंच गवताचे मोठे पट्टे दरवर्षी जाळतात. पण तिथे धो धो पाऊस. सोलापुरात जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. इथे उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात वाहून जाते. टिटवीची अंडी आणि पाखरांचं खाद्य असलेले किडे जळतात. वरचेवर जाळलं, तर पवना, मारवेल असं कसदार गवत मागे पडून कुसळीचंच फावतं.

माळढोक आज नान्नजला क्वचितच दिसतो. त्याला आगीपेक्षा घटलेला माळ आणि विजेच्या तारा अधिक भोवल्या. पण काळवीट, लांडगा, चंडोल यांचा संसार अजून याच गवतावर आहे, आणि मेंढपाळाचाही. जाळरेषेतलं गवत आधी कापून त्याच्या मेंढरांना दिलं आणि उरलेली धसकटं तेवढी जाळली, तर माळ राखायला तोही उभा राहील. वणवा सगळ्यात आधी दिसतो तो त्यालाच.